रविवारचं वजन

सल्लागारसाहेब,

'प्रिय' वगैरे घालत नाही. घातलं असतं तर तू म्हणाला असतास, "ताई, मुद्द्यावर ये." मुद्दा असा, की बाजारातल्या दुकानदार संघटनेला तुझ्यावर चार ओळी हव्या आहेत. दरवर्षी ते अंक काढतात आणि मागच्या पानावर त्या वर्षी गेलेल्यांचे फोटो छापतात. त्यांचा सेक्रेटरी माझ्याकडे आला तो मजकूर लिहूनच. 'मनमिळाऊ, मितभाषी, सर्वांचे मार्गदर्शक.'

मी म्हटलं, "मनमिळाऊ? अहो, तुमच्या स्वतःच्या वडिलांशी त्याचं बोलणं नव्हतं."

"गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, बाई."

"मग लिहा तुमचं तुम्ही. माझ्या सहीने नको."

चहा न पिता गेला. मितभाषी तू शेवटी शेवटी झालास, ते खरं. पण त्याआधी तुझं तोंड बंद पडलेलं मी एकदाच पाहिलं होतं, लहानपणी गालगुंड झालं तेव्हा. आणि तेव्हाही तू पाटीवर लिहून सगळ्यांना सांगत होतास की लेप चुकीच्या बाजूला लावलाय.

चार ओळींत तू मावणार नाहीस. म्हणून हे लांबण.

बाबांचं दुकान तुझ्याकडे आलं ते तू कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट टाकलंस तेव्हा. मी पदवी घेऊन पाण्याच्या प्रयोगशाळेत लागले, तू तराजूंच्या दुकानात. बाजाराच्या मधल्या गल्लीतलं ते अरुंद दुकान, आत गेलं की रॉकेलचा आणि गंजाचा वास. भिंतीला दांड्या टांगलेल्या, खाली पारड्यांची चळत, कोपऱ्यात पोती तोलायचा उभा काटा, ज्याच्या पाट्यावर माणूस आरामात उभा राहील. वाण्यांची वजनं नेमकी करायला तू त्यांच्या बुडाशी असलेल्या खळग्यातलं शिसं कानशीने कणभर खरवडायचास, वजन पारड्यात टाकायचास, पुन्हा खरवडायचास. तेवढ्या वेळात तुझी जगाबद्दलची सगळी मतं सांगून व्हायची. दांडी स्थिर होईपर्यंत गिऱ्हाइकाला जागचं हलता येत नसे, हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर बाजाराने तुला सल्लागार नाव ठेवलं.

आणि मतं तरी कसली! इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा तू म्हणालास, "बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूचं इमान बॅटरी संपेपर्यंत. आकडा दाखवतो, पण का दाखवतो ते सांगतो का? पारडं कसं, घेणाऱ्या-देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत हलतं." मी म्हटलं, "अरे, तुझं पारडंही खोटं असू शकतं." तू म्हणालास, "असू शकतं ना! पण माझं खोटं डोळ्याला दिसतं."

चौकात जुनं गोदाम पाडून मोठं दुकान उघडायचं ठरलं. आत थंडगार हवा, सगळा माल आधीच तोलून पाकिटात बंद. तू जाहीर करून टाकलंस, "सहा महिने चालेल. बंद पाकिटातलं धान्य म्हणजे न बघता केलेलं लग्न." यावर तुझी बायको आतून म्हणाली, "तुम्ही तरी मला कुठे बघितलं होतं? तुम्ही माझ्या मामाच्या तराजूकडे बघत होतात." ती हसली की डोळे पूर्ण मिटायचे तिचे. लग्न होऊन आली तेव्हा चांगली भरलेली होती. शिवणकाम करायची, घरात बसून लोकांच्या पडद्यांना आणि शाळेच्या गणवेशांना काठ घालून द्यायची. मूल झालं नाही. त्यावरही तुझं एक मत होतं, पण ते तू तिच्यासमोर कधी काढलं नाहीस. इतकं तारतम्य तुला होतं, हे मी नोंदवते.

मग निवडणूक आली. तुमच्या गल्लीतल्या कापडवाल्याचा जावई उभा राहिला. तुझ्या दुकानात स्टुलावर बसून त्याने शब्द दिला, "मी असेपर्यंत त्या दुकानाला परवानगी मिळणार नाही." झालं! तू कानस खाली ठेवलीस आणि दारोदार हिंडायला लागलास. माझ्याकडेसुद्धा आलास पत्रक घेऊन. मी म्हटलं, "त्याचे डोळे बघितलेस का? बोलताना गल्ल्याकडे होते." तू म्हणालास, "ताई, तुला पाण्यातले जंतू कळतात, माणसं कळत नाहीत."

तो निवडून आला आणि त्यानेच त्या दुकानाची फीत कापली. पेपरात फोटो आला. बाजारातून तू चाललास की कोणीतरी हटकून विचारायचं, "काय सल्लागार, कात्री तुमच्याकडूनच नेली होती म्हणे?" तू तोंडावर हसायचास. घरी येऊन ताट सरकवायचास.

सहा महिन्यांत ते दुकान बंद पडलं नाही. सहा महिन्यांत तुझ्या गल्लीतले वाणी पाकिटं विकायला लागले. ज्यांच्याकडे उघडा माल उरला त्यांनी आकडे दाखवणारे काटे घेतले, आणि ते तपासायला कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून यायचा. तुझ्याकडे यायला कोणाला कारण उरलं नाही. ती पितळी वजनांची पेटी आठवते ना? बाबांची. आतून मखमल, प्रत्येक वजनाला त्याच्या मापाची खोबण. रोजच्या वापराची नव्हेतच ती. बाकीची वजनं खरी की खोटी हे पडताळायला म्हणून ठेवलेली अस्सल वजनं. पूर्वी ती पेटी आठवड्यातून दोनदा निघायची. आता ती कपाटात पडून राहिली आणि तिच्यावर तू वर्तमानपत्रं रचलीस.

त्याच वर्षी तुझी बायको वाळायला लागली.

मी रविवारी तुमच्याकडे जेवायला यायची. आधी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. मग घास तोंडात फिरवत बसायला लागली. "पोटात कसंतरी होतं, वन्सं," एवढंच म्हणायची. मी तुला म्हटलं, मोठ्या दवाखान्यात ने, पोटाच्या तपासण्या करून घे. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर आलं. "बाबांना नेलं होतं तिथे. परत आले का?"

"बाबांना नेलं तेव्हा उशीर झाला होता, म्हणून नाही आले."

"दवाखाना म्हणजेसुद्धा बंद पाकीटच, ताई. शिंक घेऊन आत जायचं, फाईल घेऊन बाहेर यायचं. आत काय घातलं, काय काढलं, कोणी बघितलंय?"

"अरे, ती निम्मी झाली आहे!"

"तुला वाटतं. तुझा चष्मा बदल."

मी हट्टालाच पेटले. दुकानातच भांडण इतकं चढलं की शेजारच्या चहावाल्याने कपबशा विसळायचं थांबवलं. शेवटी तू म्हणालास, "ठीक. वाटण्यावर नको जायला. काट्यावर जाऊ. दर रविवारी ही पोत्यांच्या काट्यावर उभी राहील. वजन उतरलं तर मी स्वतः हिला दवाखान्यात नेईन, तू म्हणशील त्या. नाही उतरलं तर तू तोंड मिटायचंस. कबूल?"

ती दारात उभी राहून ऐकत होती. "कबूल," म्हणाली ती. मला विचारलंस, कबूल तिने केलं.

मग दर रविवारी तो सोहळा. दुकानाचं दार अर्धं उघडं, ती पाट्यावर चढायची, तू दांडीवरचं सरकतं वजन बोटाने टिचक्या मारत पुढे न्यायचास, वाकून डोळा त्या रेषेला लावायचास. दांडी आडवी झाली की माझ्याकडे बघायचास. आणि वजन उतरत नव्हतं! तिची गळ्याची हाडं दिसत होती, चेहरा कागदासारखा झाला होता, पण दांडी आपली जिथल्या तिथे. मी चक्रावले. मी स्वतः जाऊन रेषा वाचली. "बघ, बघ, पदवीधर!" तू म्हणालास. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तू ताठ उभा होतास. एकदा तिच्या कमरेकडे बघून म्हणालास, "हिवाळा मानवला हिला. मधे जाड व्हायला लागली." ती हसली. डोळे मिटून. अंगात तिच्या गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट होता, तुझाच जुना. थंडी सोसत नाही म्हणायची.

तोंड मिटायचं मी कबूल केलंच नव्हतं, त्यामुळे मिटलं नाही. वजन म्हणजे सगळं नव्हे, ताप बघ, रंग बघ, खाणं बघ, मी सांगत राहिले. तू म्हणायचास, "काट्यावर बोल."

आणि मग तो रविवार. दांडी आडवी झाली, तू "जैसे थे" म्हणालास, ती पाट्यावरून उतरायला गेली आणि कोसळली. केवढा आवाज झाला! एवढ्याशा बाईच्या पडण्याचा तो आवाज नव्हता, हे मला तेव्हाही जाणवलं. पण तेव्हा विचार करायला सवड कुणाला होती? चहावाल्याने गाडी बोलावली. तू दुकानाला दोन्ही कुलपं लावलीस, ओढून बघितलीस, आणि मग गाडीत बसलास. त्याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता नाही येत. हाताला दुसरं काही सुचत नव्हतं तुझ्या.

दवाखान्यात तिला शुद्ध आली. नर्सने पडद्याआड नेऊन तिला तिथला झगा घातला, कपड्यांचं बोचकं माझ्या हातात दिलं, आणि औषधाचा डोस ठरवायला म्हणून तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं. भिंतीवर हिरवे आकडे उमटले. नर्सने ते मोठ्याने वाचले.

तू म्हणालास, "पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचले.

"शक्य नाही. आत्ता माझ्या काट्यावर उभी होती ही. तुमचा काटा खोटा आहे."

"काका, गेल्याच आठवड्यात तपासून घेतलाय."

"कोणी तपासला? तो मोटारसायकलवाला? बाई, चाळीस वर्षं वजनंच करतोय मी. पेशंटच्या जिवाशी खेळता तुम्ही! खोट्या काट्यावर औषध देता!" सगळा वॉर्ड बघायला लागला. नर्सचे कान लाल झाले. पोरगीच होती ती, नवीन लागलेली असावी. "थांबा, खरी वजनं आणून दाखवतो तुम्हाला," असं म्हणून तू तरातरा निघून गेलास, पितळी पेटी आणायला.

तू गेल्यावर मी खुर्चीत टेकले आणि मांडीवरच्या बोचक्याचं ओझं मला कळलं. उघडलं. कोटाच्या आत एक जाड कापडी पट्टा होता, कमरेला बांधायचा, नाड्या लावलेला. त्याला ओळीने खिसे. दुहेरी टाके घातलेले, सुबक. एका खिशाची शिवण मी नखाने उसवली. आत फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं पितळी वजन.

मी तिच्या कॉटपाशी गेले. "हे काय आहे?"

"वन्सं, हळू बोला."

"हळू काय, हळू! लोखंड बांधून हिंडतेस कमरेला?"

"पितळ आहे ते," ती म्हणाली. "लोखंडी घेतली असती तर त्यांना दुकानात कमी दिसली असती. त्या पेटीला आता कोण हात लावतंय?"

"अगं, पण कशासाठी? मरायचंय का तुला?"

"मरायचं कुणाला असतं, वन्सं?" तिने झग्याची बाही मनगटापर्यंत ओढली. मग म्हणाली, "त्या दुकानाबद्दल ते बोलले ते खोटं ठरलं. त्या निवडून आलेल्याने तर पार तोंडघशी पाडलं त्यांना. बाजारातून घरी येईपर्यंत चारजण टोचून घेतात. रात्र रात्र बसून असतात भिंतीला टेकून. फक्त रविवारी... बघितलंत ना तुम्ही त्यांचं तोंड, दांडी आडवी झाली की? म्हटलं, एवढं एक तरी त्यांचं खरं ठरू दे."

"आणि तुझं काय?"

"मला वाटलं, बरं होईल पोट हळूहळू."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. पण सांगायचं काय राहिलं होतं? तू दारातून आत येत होतास, पेटी छातीशी धरून, धापा टाकत. नर्सच्या टेबलावर ती दाणकन ठेवलीस. "या आता! एकेक ठेवतो, आकडे वाचा," म्हणालास आणि झाकण उघडलंस.

पाच किलोचं तेवढं जागेवर होतं, आणि कडेची अगदी बारकी. मधल्या सगळ्या खोबणी रिकाम्या.

तू त्यांच्याकडे बघत राहिलास. तुझ्या चेहऱ्यावर आधी चोरी झाल्याचा राग आला. मी तो ओळखला. त्या रागाला कुणावर तरी जायला मिळण्याआधी मी पट्टा तुझ्यासमोर ठेवला. तू एक खिसा चाचपलास. मग दुसरा. मग खिशातून छोटी कानस काढून तिच्या टोकाने एकेक शिवण उसवत गेलास, फ्लॅनेल बाजूला काढत गेलास, आणि प्रत्येक वजन त्याच्या खोबणीत बसवत गेलास. सगळी बरोबर बसली. नर्स उभीच होती. तू तिच्याकडे बघितलं नाहीस, बायकोकडे बघितलं नाहीस. झाकण लावलंस आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलास.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवले. काय कुठवर पसरलंय ते पेन्सिलीने दाखवलं. "एवढे महिने काय करत होतात तुम्ही?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, माहितीसाठीच विचारलं असावं.

तू म्हणालास, "वजन करत होतो."

पंधरवडाही नाही काढला तिने.

तुझं चरित्र खरं म्हणजे इथे संपतं. पुढची दोन वर्षं तू माझ्याकडे राहिलास, पण जो राहिला तो माझा भाऊ नव्हता, भाडेकरू होता. दुकान विकायचं का? "तू म्हणशील तसं." तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. "चांगलं आहे," म्हणालास. मतदानाला गेलो तेव्हा केंद्राच्या दारात मला विचारलंस, "कुणाला द्यायचं, ताई?" मला रडू आलं. मी तुला तिथेच झापलं, लोक बघत होते.

मी काय काय करून पाहिलं, तुला माहीत नाही. मुद्दाम भांडण उकरून काढायची. म्हणायची, "डॉक्टर म्हणजे साक्षात देव असतात." तू म्हणायचास, "असतील." त्या चौकातल्या दुकानातून बंद पाकिटातले तांदूळ आणून तुझ्यासमोर फोडले. तू निवडून दिलेस. शेवटी तर स्वयंपाकघरासाठी बॅटरीवरचा काटा विकत आणला आणि टेबलावर तुझ्या नाकासमोर ठेवला. म्हटलं, आता तरी उसळेल. तू साखरेची वाटी ठेवलीस, आकडा वाचलास, वाटी उचललीस.

"बरोबर दाखवतो," म्हणालास.

मी तो काटा कपाटाच्या वर टाकून दिला.

तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले, कापायचं किंवा गोळ्यांवर ढकलायचं. निर्णय पेशंटचा, म्हणाले. तू माझ्याकडे बोट दाखवलंस. मी म्हटलं, कापा. तू सही केलीस, वाचलंसुद्धा नाहीस. निदान "आत काय घालणार ते बघू दे" एवढं म्हणाला असतास, तर मी पेढे... जाऊ दे. तू ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलास. नंतरच्या ज्वराने गेलास. म्हणजे मीही बरोबर ठरले नाही. हे ऐकायला तू हवा होतास. तुझं काय मत पडलं असतं यावर, देव जाणे.

या दोन वर्षांत तू स्वतःहून एकच गोष्ट मागितलीस. मी भाजी निवडत होते. तू म्हणालास, "ताई, त्या नर्सकडे एकदा जाऊन येऊ."

"कुठली नर्स?"

"तिचा काटा बरोबर होता. सगळ्यांदेखत मी खोटा म्हणालो. सांगायला पाहिजे."

"ती विसरलीही असेल."

"काट्याला खोटं म्हटलेलं विसरत नाही कोणी. आणि तू चल बरोबर. मला एकट्याला नाही बोलता यायचं."

चाळीस वर्षं ज्याचं तोंड धरायला माणसं लागली, त्याला बोलता यायचं नाही! गुरुवारी जाऊ म्हटलं. गुरुवारी तुझा गुडघा धरला. मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मग कळलं की तिला दुसऱ्या मजल्यावर टाकलंय, तर तू म्हणालास शोधू. एकदा खरंच गेलो आपण, धुतलेला शर्ट घालून निघाला होतास. फाटकात रांग होती. "कामात असेल ती," म्हणालास. समोरच्या बाकावर बसून आपण चहा घेतला, आणि बसने परत आलो.

परवा त्याच दवाखान्यात माझं रक्त तपासायला द्यायला गेले होते. जिन्यात दिसली ती नर्स, ट्रे घेऊन वर चालली होती. अंगाने भरली आहे आता. माझ्याकडे बघून तिने ओळखीचं हसू केलं. कुणाची तरी नातेवाईक म्हणून असेल, किंवा नुसतंच. मी बाजूला सरकून वाट दिली.